जुन्या विंडोजवर टचपॅड पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर

लॅपटॉपवर विंडोज ७ नव्याने टाकले, टचपॅडचा ड्रायव्हर (उपकरण आणि विंडोज यांच्यात दुवा साधणारे सॉफ्टवेअर) बसवला, दोन बोटांनी पान वरखाली सरकू लागले आणि काम झाले असे वाटले. परंतु चार दिवसांनी ती दोन बोटे पुन्हा निरुपयोगी ठरली, किंवा टचपॅड संपूर्णच निपचित पडला. ड्रायव्हर काढून परत बसवल्यावर तो सुरू होतो आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच घडते. अशा वेळी बहुतेक जण तोच ड्रायव्हर चौथ्यांदा बसवतात, नाहीतर त्याहून नवा ड्रायव्हर कुठून तरी शोधून आणतात. या दोन्ही गोष्टी करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत असे मी सुचवेन: टचपॅड संगणकाशी कोणत्या मार्गाने जोडलेला आहे, आणि तो नेमका केव्हा बंद पडतो. पहिल्या उत्तरावरून त्या लॅपटॉपवर उपाय शक्य आहे की नाही हे ठरते आणि दुसऱ्यावरून बिघाड परत परत का येतो ते उलगडते.

जुनी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणताना येथे विंडोज ७ डोळ्यांसमोर ठेवली आहे. २००९ मध्ये आलेल्या या आवृत्तीचे विस्तारित पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले. तरीही एखादे मोजमापाचे यंत्र, जुना स्कॅनर किंवा पुन्हा न निघालेले एखादे सॉफ्टवेअर तिच्यावरच चालते, म्हणून ती ठेवणे अनेकांना भाग पडते. असा लॅपटॉप शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवावा, एवढे सांगून मूळ विषयाकडे वळतो.

जोडणीचा मार्ग

लॅपटॉपमधील टचपॅड प्रामुख्याने दोन प्रकारांनी जोडलेले असतात. जुना प्रकार पीएस/२ हा होय. आयबीएमने १९८७ मध्ये त्याच नावाच्या संगणकांसोबत आणलेली ही जोडणी लॅपटॉपच्या आत पुढे अनेक वर्षे टिकून राहिली. वीज मिळताच असा टचपॅड स्वतःला साधा माउस म्हणूनच सादर करतो आणि बोट किती सरकले व कोणते बटण दाबले गेले एवढीच माहिती तीन-तीन बाइटच्या तुकड्यांत पाठवतो. ही भाषा प्रत्येक विंडोजला जन्मतःच येते. त्यानंतर निर्मात्याचा ड्रायव्हर सुरू झाला की तो टचपॅडला ठरावीक आज्ञांची मालिका पाठवतो आणि टचपॅड आपली भाषा बदलतो. सिनॅप्टिक्सच्या टचपॅडमध्ये मग सहा बाइटचा तुकडा येऊ लागतो आणि त्यात बोटाचे पृष्ठभागावरील नेमके स्थान व दाब असतो. दोन बोटांनी पान सरकवणे, तळहाताचा स्पर्श दुर्लक्षिणे, कडेवरून सरकवणे हे सारे या दुसऱ्या भाषेवर उभे आहे. त्यामुळे पीएस/२ टचपॅडच्या बाबतीत ड्रायव्हर नीट नसला तरी बाण हलत राहतो, फक्त बोटांच्या खुणा कळेनाशा होतात. हे लक्षण फार बोलके आहे.

दुसरा प्रकार आय-स्क्वेअर्ड-सी, म्हणजे बोलीत आय२सी. ही दोन तारांची जोडणी फिलिप्सने १९८२ मध्येच तयार केली होती, पण टचपॅड आणि टचस्क्रीन तिच्यावरून सर्वमान्य रीतीने चालवण्याची सोय विंडोजमध्ये आली ती २०१२ च्या विंडोज ८ पासून. विंडोज ७ मध्ये असा ड्रायव्हर मुळातच नाही. शिवाय त्याच्याही खाली आणखी एक पायरी आहे: चिपसेटमधील, म्हणजे प्रोसेसरच्या जोडीच्या चिपमधील, आय२सी नियंत्रकाला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि इंटेलच्या लॅपटॉपवर तो सिरियल आयओ या नावाने मिळतो. म्हणजे टचपॅडचा ड्रायव्हर ज्या दोन थरांवर टेकायचा ते दोन्ही थर विंडोज ७ मध्ये नाहीत. परिणामी येथे टचपॅड साधा माउससुद्धा होत नाही, बाण जागचा हलत नाही. लोक तासन्‌तास टचपॅडच्याच ड्रायव्हरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बसवून पाहतात आणि नियंत्रकाकडे कोणाचेच लक्ष जात नाही, याचे कारण डिव्हाइस मॅनेजर या विंडोजमधील उपकरणांच्या यादीत तो टचपॅडपासून दूर, 'अदर डिव्हाइसेस' या गटात, पिवळ्या खुणेसह नुसता 'पीसीआय डिव्हाइस' म्हणून बसलेला असतो.

आपल्या लॅपटॉपमध्ये कोणता प्रकार आहे हे डिव्हाइस मॅनेजरमधूनच कळते. 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस' किंवा 'अदर डिव्हाइसेस' या गटातील संशयित नोंद उघडून 'डिटेल्स' या पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. तेथील यादीत पीएनपी०एफ१३ दिसले तर टचपॅड पीएस/२ वर आहे. पीएनपी०सी५० दिसले तर तो आय२सी वर आहे. हा दुसरा आयडी कधी शेजारच्या 'कम्पॅटिबल आयडीज' या यादीत असतो, म्हणून तीही पाहून घ्यावी. आयडीच्या आरंभीच्या अक्षरांवरून निर्माताही ओळखता येतो: एसवायएन म्हणजे सिनॅप्टिक्स, ईटीडी किंवा ईएलएएन म्हणजे एलान. लॅपटॉपच्या झाकणावर कोणत्या कंपनीचे नाव आहे याला येथे फारसे महत्त्व नाही, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळ्या निर्मात्यांचे टचपॅड बसवलेले असू शकतात आणि ड्रायव्हरच्या पानावर दोन-तीन टचपॅड ड्रायव्हर एकाखाली एक दिसतात ते त्यामुळेच.

डिव्हाइस मॅनेजरवर भरवसा नसेल, किंवा टचपॅड मुळात जिवंत आहे की नाही हीच शंका असेल, तर पेन ड्राइव्हवरून चालणारे लिनक्स सुरू करून पाहावे. त्यातील /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हाइसेस या फाइलमध्ये प्रत्येक इनपुट उपकरणासमोर 'बस' हा आकडा असतो. ००११ म्हणजे पीएस/२, ००१८ म्हणजे आय२सी आणि ०००३ म्हणजे यूएसबी. टचपॅड तेथे सुरळीत चालला तर तारा, जोडणीची चपटी पट्टी आणि खुद्द टचपॅड ठीक आहेत हे सिद्ध होते व उरलेला शोध विंडोजपुरता मर्यादित होतो. लिनक्स मात्र अलीकडचे घ्यावे, कारण आय२सी टचपॅडचा ड्रायव्हर त्याच्या कर्नलमध्येही (सिस्टिमच्या गाभ्यातही) २०१३ मध्ये, ३.८ या आवृत्तीपासून आला.

हे सगळे करायला बाण कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज ७ टाकले की यूएसबी माउसही चालत नाही, कारण विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर अंगभूत नाही आणि त्या लॅपटॉपमधून यूएसबी २.० चा जुना नियंत्रक वगळलेला आहे. लॅपटॉपचा कीबोर्ड मात्र बहुधा पीएस/२ वरच असल्याने चालू राहतो. विंडोज आणि पॉझ या कळा एकत्र दाबल्यास सिस्टिमचे पान उघडते व तेथून टॅब कळीने डिव्हाइस मॅनेजरपर्यंत पोहोचता येते; शिफ्ट व एफ१० दाबल्यास उजव्या बटणाची यादी उघडते; आणि डावी ऑल्ट, डावी शिफ्ट व नम लॉक या तीन कळा एकत्र दाबल्यास आकड्यांच्या कळांनी बाण हलवण्याची सोय सुरू होते.

आय२सी असेल तर आधी बायॉस

टचपॅड आय२सी वर आहे असे आढळले तर ड्रायव्हर शोधण्याआधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या अंगभूत सेटिंगमध्ये, डोकवावे. काही लॅपटॉपमध्ये टचपॅडला दोन्ही भाषा येतात आणि कोणती वापरायची ते बायॉसमध्ये ठरते. एसरच्या अनेक मॉडेलमध्ये 'टचपॅड' या नोंदीपुढे 'ॲडव्हान्स्ड' आणि 'बेसिक' असे दोन पर्याय असतात. पहिला आय२सी साठी व दुसरा पीएस/२ साठी आहे. 'बेसिक' निवडताच विंडोज ७ मध्ये बाण हलू लागतो आणि त्यावर पीएस/२ चा जुना ड्रायव्हर बसवता येतो. ही नोंद सापडली तर तासाभराचे काम दोन मिनिटांत होते. बायॉसच्या मूळ स्थितीवर परत गेल्यास, किंवा बायॉसची नवी आवृत्ती टाकल्यास, हा पर्याय पूर्ववत होऊ शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

अशी नोंद नसेल तर आधी चिपसेट, मग सिरियल आयओ आणि शेवटी टचपॅड या क्रमाने ड्रायव्हर बसवून प्रत्येक टप्प्यानंतर लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. तीनही ड्रायव्हर विंडोज ७ साठीच काढलेले हवेत. लॅपटॉपच्या निर्मात्याने त्या मॉडेलसाठी विंडोज ७ चा सिरियल आयओ दिलेलाच नसेल, तर त्याच प्रोसेसर पिढीच्या दुसऱ्या मॉडेलचा चालतो का ते हार्डवेअर आयडी जुळवून पाहता येते. पण त्या पिढीसाठी तो कोणीच काढला नसेल, तर येथेच थांबून बाहेरचा माउस वापरणे शहाणपणाचे आहे. विंडोज १० चा आय२सी ड्रायव्हर उचलून विंडोज ७ मध्ये बसत नाही, कारण तो ज्या सेवांना हाक मारतो त्या विंडोज ७ मध्ये नाहीत.

केव्हा बंद पडतो ते पाहा

आता खरा त्रासदायक भाग, म्हणजे सुरू झालेला टचपॅड पुन्हा बंद पडणे. येथे मी लोकांना एक साधी वही ठेवायला सांगतो: बंद पडल्याची वेळ आणि त्याच्या अगदी आधी काय घडले होते, एवढेच तिच्यात लिहायचे. तीन-चार नोंदी झाल्या की कारण बहुधा आपोआप समोर येते.

प्रत्येक वेळी लॅपटॉप बंद करून सुरू केल्यावर टचपॅड जात असेल तर संशय ड्रायव्हरच्या डिजिटल स्वाक्षरीवर, म्हणजे तो अस्सल व न बदललेला असल्याची खात्री देणाऱ्या शिक्क्यावर, घ्यावा. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरवर वैध डिजिटल स्वाक्षरी असणे बंधनकारक आहे. सुरू होताना एफ८ दाबून स्वाक्षरीची सक्ती बंद करण्याचा पर्याय घेतला तर विनास्वाक्षरीचा ड्रायव्हर चालतो, परंतु ती सूट केवळ त्या एका वेळेपुरती असते. माझाच एक लॅपटॉप मी या चुकीपायी पंधरा दिवस उलटासुलटा केला. ड्रायव्हर बसवताना एफ८ वापरले होते हे विसरलो होतो, आणि संध्याकाळी चालणारा टचपॅड सकाळी का चालत नाही याची उत्तरे टचपॅडच्या पट्टीत शोधत बसलो होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ५२ स्पष्ट लिहिलेला होता; तो वाचण्याची तसदी मी घेतली नाही, इतकेच. कोड ५२ म्हणजे स्वाक्षरी पडताळता आली नाही, कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, आणि कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होऊ शकले नाही. आय२सी च्या बाबतीत कोड १० आला तर खालच्या थरात दोष असण्याची शक्यता अधिक.

कोड ५२ च्या मागे दोन वेगळी कारणे असू शकतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिले असे की आपण ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (तो कोणत्या उपकरणांसाठी आहे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) स्वतःच्या टचपॅडचा आयडी हाताने घातला आहे. त्या फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी सोबतच्या कॅटलॉग फाइलमधील स्वाक्षरी तिला लागू पडत नाही. दुसरे असे की ड्रायव्हर अस्सल आहे, स्वाक्षरीही खरी आहे, पण ती एसएचए-२ या नव्या पद्धतीची आहे आणि अपडेट न केलेल्या विंडोज ७ ला ती वाचता येत नाही. कर्नल ड्रायव्हरसाठी ही क्षमता मार्च २०१५ मधील केबी३०३३९२९ या अपडेटने आली आणि २०१९ मध्ये केबी४४७४४१९ हे अपडेट त्याच कामासाठी निघाले. नव्याने टाकलेल्या विंडोज ७ मध्ये ही अपडेट आपोआप येतील या भरवशावर राहू नये, कारण मायक्रोसॉफ्टची अपडेट सेवा स्वतःच एसएचए-२ वर गेलेली आहे आणि जुन्या विंडोजला तिच्याशी बोलता येत नाही. सर्व्हिस पॅक १ टाकून पुढची अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून उतरवून हाताने बसवावीत. चाचणीपुरत्या स्वाक्षरीचे ड्रायव्हरही चालू देणारी विंडोजची सोय कायमची सुरू ठेवण्याचा मार्ग सुचवला जातो. टचपॅडसाठी ते दार उघडे ठेवणे मला पटत नाही.

काही दिवसांनी, अपडेट होऊन गेल्यावर बंद पडत असेल, तर चालणाऱ्या ड्रायव्हरची जागा दुसऱ्याने घेतली आहे. एकाच उपकरणाला दोन ड्रायव्हर लागू पडत असतील तर विंडोज स्वाक्षरी आणि आयडी किती नेमका जुळतो हे पाहते, आणि तेथे बरोबरी झाली तर ज्याची तारीख नवी तो निवडते. लॅपटॉपच्या निर्मात्याने खास त्या मॉडेलसाठी जुळवलेला ड्रायव्हर जुन्या तारखेचा असतो आणि सर्वसाधारण ड्रायव्हर नव्या तारखेचा, म्हणून जिंकतो तो सर्वसाधारण. यातली मेख अशी की नवा ड्रायव्हर एकदा आला की तो ड्रायव्हर स्टोअर या कोठारात राहतो. आपण उपकरण काढून टाकले आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला, की विंडोज कोठारातून तोच नवा ड्रायव्हर उचलून बसवते. म्हणूनच काढून परत बसवण्याचा उपाय टिकत नाही. काढताना 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर फॉर धिस डिव्हाइस' या चौकटीत खूण करावी. ती चौकट दिसत नसेल तर प्रशासकीय अधिकारांसह कमांड प्रॉम्प्ट उघडून पीएनपीयूटिल ही आज्ञा वजा-ई या पर्यायासह चालवावी. कोठारातील बाहेरच्या ड्रायव्हरांची यादी निर्मात्याच्या नावासह व तारखेसह येते आणि प्रत्येकासमोर ओईएम व आकडा असलेले नाव असते. नको असलेले नाव वजा-डी या पर्यायाने काढता येते. हटवण्यापूर्वी निर्मात्याचे नाव दोनदा वाचावे, कारण त्या यादीत ध्वनी आणि नेटवर्कचे ड्रायव्हरही असतात.

त्यानंतर हवा असलेला ड्रायव्हर बसवून 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स' मध्ये संगणकाच्या चित्रावर उजवे बटण दाबावे आणि 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' मध्ये विंडोज अपडेटवरून ड्रायव्हर कधीही बसवू नये हा पर्याय निवडावा. अपडेटच्या यादीत टचपॅडचा ड्रायव्हर दिसत असेल तर तो लपवून टाकावा. नेमके कोणत्या दिवशी काय बदलले याचा पुरावा हवा असेल तर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधील सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग ही फाइल उघडावी. तिच्यात प्रत्येक ड्रायव्हर बसवल्याची तारीख, वेळ आणि निवडीची कारणेसुद्धा लिहिलेली असतात. वाचायला रुक्ष आहे, पण वहीतील तारखेशी ती ताडून पाहिली की वाद उरत नाही.

झोपेतून जागे झाल्यावर बंद पडण्याचे कारण वेगळे आहे. लॅपटॉप झोपतो तेव्हा टचपॅडची वीज जाते आणि पीएस/२ टचपॅड परत येतो तो साध्या माउसच्या भाषेतच. ड्रायव्हरने त्याला पुन्हा आज्ञा द्यायला हव्यात. जुना ड्रायव्हर हे विसरतो, म्हणून बाण हलतो पण पान सरकत नाही. याच निर्मात्याची किंचित पुढची आवृत्ती येथे उपयोगी पडते, आणि तोपर्यंत टचपॅडची पार्श्वभूमीत चालणारी प्रक्रिया बंद करून पुन्हा सुरू करणे पुरेसे ठरू शकते. सिनॅप्टिक्ससाठी तिचे नाव सिनटीपीईएनएच, एलानसाठी ईटीडीसीटीआरएल आणि आल्प्ससाठी एपॉइंट असे असते. लॅपटॉप लवकर सुरू व्हावा म्हणून सुरुवातीच्या कार्यक्रमांची यादी छाटताना हीच नावे अनोळखी म्हणून काढली जातात, आणि मग झोपेचा संबंध नसतानाही खुणा गायब होतात. आय२सी टचपॅड असेल तर नियंत्रकाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून पाहावी.

दिवसातून कधीही जातो आणि येतो, असे असेल तर ड्रायव्हर सोडून इतरत्र पाहावे. बाहेरचा यूएसबी माउस जोडलेला असताना आतला टचपॅड बंद ठेवण्याचा पर्याय बऱ्याच ड्रायव्हरमध्ये असतो, आणि बिनतारी माउसचा छोटा रिसीव्हर खोबणीत राहिला तरी विंडोजच्या दृष्टीने माउस जोडलेलाच असतो. एफएन कळीसह दाबायची टचपॅडची कळ चुकून दाबली जाते. काही टचपॅडच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारली की तो बंद होतो. चार्जर लावल्यावरच बाण थरथरत असेल तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा आहे. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, त्याचे बटण दाबले जात नसेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी लॅपटॉप ताबडतोब बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरी बदलेपर्यंत तो वापरू नये.

एक अवघड प्रसंग उरतो. एक ड्रायव्हर काढून दुसऱ्या निर्मात्याचा बसवला आणि त्यानंतर टचपॅडसह यूएसबी माउसही गेला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १९ किंवा ३९ दिसू लागला, तर काढलेल्या ड्रायव्हरचे नाव रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, मागे राहिले असावे. माउसच्या वर्गाच्या नोंदीत अप्परफिल्टर्स नावाचे मूल्य असते; त्यात माउक्लास हे नाव असलेच पाहिजे, आणि त्याच्या सोबत काढून टाकलेल्या ड्रायव्हरचे नाव उरले असेल तर तेवढेच पुसावे. माउक्लासही पुसले गेले तर कोणताच माउस चालणार नाही. रजिस्ट्रीच्या त्या भागाची प्रत आधी काढून ठेवावी आणि जमले तर हे काम सिस्टिम रिस्टोअरवर सोपवावे.

अखेर सगळे सुरळीत झाले आणि आठवडाभर वहीत नवी नोंद झाली नाही, की त्याच दिवशी चालणाऱ्या ड्रायव्हरची प्रत बाजूला काढावी. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये ड्रायव्हरस्टोअर आणि त्यात फाइलरिपॉझिटरी हे फोल्डर आहे; टचपॅडच्या आयएनएफ फाइलच्या नावाने सुरू होणारे तेथील संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावे आणि त्याला लॅपटॉपचे मॉडेल, टचपॅडचा हार्डवेअर आयडी व ड्रायव्हरची आवृत्ती यांचे मिळून नाव द्यावे. आय२सी असेल तर सिरियल आयओचे फोल्डरही त्यासोबत ठेवावे, आणि वर उल्लेखलेली दोन्ही अपडेटही, कारण जुन्या मॉडेलची पाने निर्माते न सांगता काढून टाकतात आणि पुढच्या वेळी विंडोज टाकायची वेळ येईल तेव्हा ती तेथे असतीलच असे नाही.